एलिझाबेथ रंडल चार्ल्स यांचं जीवन आणि लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"जिथे लढाई पेटलेली असते, तिथेच शिपायाची निष्ठा कळते" हे वाक्य मार्टिन लूथरचंच ना?

नाही. लूथर म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक. वाक्य मात्र एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका चार्ल्सबाईंचं आहे. 'क्रॉनिकल्स ऑफ द शोनबर्ग-कोट्टा फॅमिली' या लूथरच्या काळावरच्या त्यांच्या कादंबरीत फ्रिट्झ नावाचं काल्पनिक पात्र ते बोलतं. सगळ्या उताऱ्याचा आशय असा: देवाच्या सत्याच्या बाकी सर्व बाजू मी खणखणीत आवाजात मांडल्या, पण जग आणि सैतान या घडीला ज्या लहानशा मुद्द्यावर तुटून पडले आहेत नेमका तेवढाच गाळला, तर मी ख्रिस्ताची कबुली दिली असं होत नाही. शिपाई बाकी रणांगणावर कितीही ठाम राहो, त्या एका जागी तो कचरला तर ते पळून जाणंच.

प्रवचनांत आणि पुस्तकांत हा उतारा लूथरच्या नावावर सर्रास फिरतो. त्याखाली बऱ्याचदा तळटीपही असते: लूथरच्या ग्रंथांची वायमार आवृत्ती, पत्रव्यवहार, खंड ३, पान ८१. गोंधळाचं मूळ इथेच आहे. त्या पानावर लूथरचं १५२३ सालचं एक पत्र खरंच आहे आणि त्यातला विचार जवळचा आहे: एका मुद्द्यावर ख्रिस्ताला नाकारणारा सगळ्याच मुद्द्यांवर त्याला नाकारतो. पण रणांगण, शिपाई, डगमगणं हे शब्द त्या पत्रात नाहीत. कादंबरीतले शब्द आणि पत्राचा पत्ता कुठेतरी एकत्र चिकटले आणि तसेच पुढे नकलले गेले.

तपासायची सोपी खूण म्हणजे उताऱ्यात शिपाई आणि लढाई आली की तो कादंबरीतला. उद्धृत करताना लेखिकेचं नाव, कादंबरीचं नाव, आवृत्तीचं वर्ष आणि 'फ्रिट्झ या पात्राच्या तोंडी' एवढं लिहावं. वाक्य सुंदर आहे, त्याला लूथरच्या नावाचा आधार लागत नाही. श्रेय मात्र ज्या बाईंनी ते लिहिलं त्यांना मिळायला हवं.

या चार्ल्सबाई कोण?

जन्म २ जानेवारी १८२८, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं टॅव्हिस्टॉक गाव. आईवडिलांची एकुलती एक मुलगी. वडील जॉन रंडल बँकेचा व्यवसाय करत आणि टॅव्हिस्टॉकचे प्रतिनिधी म्हणून संसदेतही होते. शिक्षण घरीच झालं. तरुणपणी लिहिलेल्या काही कविता प्रसिद्ध इंग्रज कवी टेनिसन यांनी हस्तलिखितात वाचून त्यांचं कौतुक केलं होतं. १८५१ साली अँड्र्यू पॅटन चार्ल्स यांच्याशी लग्न झालं. पतीचा लंडनच्या वॉपिंग भागात साबण आणि मेणबत्त्यांचा कारखाना होता. गोदीजवळची ती गरीब वस्ती, त्यामुळे तिथल्या लोकांची दुःखं चार्ल्सबाईंनी जवळून पाहिली. १८६८ साली पती वारले. पुढचं आयुष्य लिहिण्यात आणि सेवाकार्यात गेलं. २८ मार्च १८९६ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये त्यांचं निधन झालं. सगळी मिळून पुस्तकं सुमारे पन्नास.

त्या कोणत्या पंथाच्या होत्या?

चर्च ऑफ इंग्लंडच्या, आणि मनाने ठाम प्रॉटेस्टंट. पण त्यांचा पत्रव्यवहार पाहिला की नुसतं 'प्रॉटेस्टंट' म्हणून भागत नाही. डीन स्टॅन्ली, आर्चबिशप टेट, कादंबरीकार चार्ल्स किंग्सली, जॉवेट आणि प्यूझी ही त्यांच्या स्नेह्यांतली नावं. यातल्या शेवटच्या दोघांकडे नीट पाहा. जॉवेट ऑक्सफर्डमधले उदारमतवादी, तर प्यूझी तिथल्याच उच्च-चर्च पक्षाचे, म्हणजे जुन्या परंपरा आणि विधींना महत्त्व देणाऱ्या गटाचे धुरीण. १८६३ साली प्यूझींनी इतरांबरोबर जॉवेट यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवून विद्यापीठाच्या न्यायालयात खटला गुदरला होता. एकमेकांविरुद्ध न्यायालयापर्यंत गेलेल्या या दोन माणसांशी बाईंचा स्नेह होता. त्यांच्या कादंबऱ्यांत विरोधी बाजूचा साधासुधा भक्त माणूस सहसा दुष्ट रंगवलेला नसतो, त्यामागे हा स्वभाव आहे असं आम्हाला वाटतं.

लूथरवर कादंबरी लिहावी हे त्यांच्या मनात कसं आलं?

ते त्यांच्या मनात आलं नव्हतं, तशी मागणी आली होती. 'फॅमिली ट्रेझरी' या नियतकालिकाचे संपादक अँड्र्यू कॅमेरॉन यांना लूथरवर गोष्ट हवी होती. संपादकाने विषय सांगून लिहून घेतलेलं लेखन बेताचंच निघतं असा समज असतो. इथे उलट झालं. हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ठरलं आणि युरोपातल्या बहुतेक भाषांत त्याची भाषांतरं झाली, अरबीतही झालं.

याचं कारण त्यांनी निवडलेल्या वाटेत आहे. लूथरला नायक करून सरळ चरित्र रंगवलं असतं, तर प्रत्येक पानावर महापुरुष बोलत राहिला असता. बाईंनी त्याला घराच्या दारातून आत-बाहेर करणारा पाहुणा केलं. गोष्ट सांगतात घरातली माणसं, आपापल्या रोजनिशीतून. थोरली एल्से, तिचा भाऊ फ्रिट्झ, नात्यातली अनाथ एवा, धाकटी थेक्ला. बाप शोधांच्या नादात घरखर्च विसरणारा, मुलींची नावंसुद्धा क्रीमहिल्ड आणि अटलांटिस अशी ठेवणारा. आई दोन वेळच्या जेवणाची जुळवाजुळव करणारी. फ्रिट्झ एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात जातो, एवा निम्बशेनच्या मठात नन होते आणि पुढे दोघांचं लग्न होतं. मोठा इतिहास या घरात बातमी म्हणून, कधी उसनं मागून आणलेलं पुस्तक म्हणून येतो, आणि घरातल्या माणसाचं मठातून परतणं म्हणूनही येतो.

'बाय टू ऑफ देमसेल्व्ज' म्हणजे काय? हा खरा जुना दस्तऐवज आहे का?

खरा दस्तऐवज नाही. हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, कारण पुस्तकानेच तो निर्माण केला. न्यूयॉर्कच्या एम. डब्ल्यू. डॉड यांच्या १८६४च्या आवृत्तीचं मुखपृष्ठामागचं पान डोळ्यासमोर आणा. वर कादंबरीचं नाव, म्हणजे 'शोनबर्ग-कोट्टा घराण्याची बखर'. त्याखाली 'त्यांच्यापैकीच दोघांनी लिहिलेली'. लेखिकेचं नाव कुठेच नाही. आत शिरलं की प्रकरणांना मथळे 'एल्सेची कहाणी', 'फ्रिडरिखच्या बखरीतून' असे (फ्रिडरिख म्हणजेच फ्रिट्झ). ज्याला आधी काही माहीत नाही त्याने सोळाव्या शतकातली कागदपत्रं छापली आहेत असं समजावं, अशीच ही मांडणी आहे.

त्यात कोट्टा हे आडनाव खरं. उर्सुला कोट्टा या बाईंनी आयझेनाखमध्ये शाळकरी लूथरला आसरा दिला होता. शोनबर्ग-कोट्टा हे जोडघराणं मात्र चार्ल्सबाईंच्या कल्पनेतलं.

मग कादंबरीतलं काय खरं धरायचं?

घरातली माणसं, त्यांचे संवाद, त्यांची लग्नं काल्पनिक. लूथरच्या आयुष्याचा सांगाडा खरा. वाचताना पुढच्या तारखा एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा, फार उपयोग होतो.

१४९८ च्या सुमारास लूथर शाळेसाठी आयझेनाखला आला. तेव्हाच्या गरीब विद्यार्थ्यांसारखा दारोदार गाऊन तोही भाकरी मिळवत असे. १५०१ एरफुर्ट विद्यापीठ. जुलै १५०५ श्टॉटर्नहाइमजवळ वादळात सापडल्यावर केलेला नवस आणि त्याच महिन्यात मठप्रवेश. ३१ ऑक्टोबर १५१७ पापक्षमापत्रांच्या, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या, विक्रीविरुद्धचे ९५ मुद्दे. एप्रिल १५२१ व्होर्म्स इथे सम्राटाच्या सभेपुढची साक्ष. मे १५२१ ते मार्च १५२२ वार्टबुर्ग किल्ल्यातला अज्ञातवास आणि तिथे बायबलमधल्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर, जे सप्टेंबर १५२२ मध्ये छापून आलं. ईस्टर १५२३ निम्बशेन मठातून बारा नन बाहेर पडल्या, त्यांत काटारिना फॉन बोरा. १५२४-२५ शेतकऱ्यांचं बंड. जून १५२५ लूथर आणि काटारिना यांचा विवाह. १८ फेब्रुवारी १५४६ आयस्लेबेन इथे मृत्यू.

आता पद्धत. रोजनिशीतल्या नोंदीवर वर्ष असेल तर ते या यादीशी ताडा. प्रसंग यादीत बसला तर घटना खरी, पण ती पाहणारा डोळा काल्पनिक, हे ध्यानात ठेवा. लूथरचं लांबलचक बोलणं आलं तर ते त्याच्या प्रत्यक्ष लेखनाशी जुळवल्याशिवाय उतरवून घेऊ नका. आणि जिथे शोनबर्ग-कोट्टा घरातलं कोणी बोलतं, ते शंभर टक्के चार्ल्सबाईंचं. वर सांगितलेली अवतरणाची चूक ही शेवटची पायरी चुकल्यामुळेच झाली.

लूथरचं चित्र एकांगी आहे का?

आहे. हा भक्तांच्या घरातून दिसणारा लूथर आहे. त्याने १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध लिहिलेली जहाल पुस्तिका आणि १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलेला विखारी ग्रंथ वेगळे वाचल्याशिवाय तो माणूस पुरता कळत नाही. रोमन कॅथलिक वाचकाला मठजीवनाचं चित्र अन्यायाचं वाटू शकतं, आणि त्या तक्रारीत तथ्य आहे.

काळही लक्षात घ्यावा. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये धार्मिक ऐतिहासिक कादंबरी हे वादाचं मैदान होतं. किंग्सलींची 'हायपेशिया' १८५३ची. पुढच्याच वर्षी कार्डिनल वाइजमन यांनी 'फॅबिओला' लिहून कॅथलिक बाजूने आद्य ख्रिस्ती मंडळीचा काळ उभा केला. त्या गलक्यात चार्ल्सबाईंचा सूर पुष्कळच मवाळ.

प्रकाशनाचं वर्ष कुठे १८६२, कुठे १८६४ दिसतं. बरोबर कोणतं?

संदर्भग्रंथ १८६२ देतात. हाती येणाऱ्या बऱ्याच जुन्या प्रतींवर, विशेषतः अमेरिकन, १८६४ असतं. लेखात पहिलं वर्ष १८६२ लिहा, आणि पान क्रमांक द्याल तिथे तुमच्या हातातल्या प्रतीचं वर्ष द्या. दोन्हींची सरमिसळ केली की पान क्रमांक जुळत नाहीत.

ग्रंथालयाच्या सूचीत त्यांचं नाव सापडत नाही. कुठे शोधायचं?

इथे तीन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे आडनाव. चार्ल्स हे पुरुषाचं नाव वाटतं, म्हणून पुष्कळजण 'रंडल' खाली शोधतात. सूचीत नोंद 'चार्ल्स, एलिझाबेथ रंडल' अशी असते, जुन्या सूचीत 'मिसेस रंडल चार्ल्स' किंवा 'मिसेस अँड्र्यू चार्ल्स'.

दुसरं, बहुतेक पुस्तकांवर नावच नाही. पहिल्या यशानंतरची पुस्तकं 'शोनबर्ग-कोट्टा घराण्याच्या लेखिकेकडून' एवढ्याच ओळखीवर निघाली. त्यामुळे नावाने मिळालं नाही तर पुस्तकाच्या शीर्षकाने शोधा, मग 'च्या लेखिकेकडून' हा शब्दप्रयोग घालून.

तिसरं, शोनबर्गमधला दोन टिंबांचा 'ओ'. रोमन लिपीत शोधताना तीन प्रकारे टाइप करून पाहा: टिंबांसह, साध्या 'ओ'ने, आणि 'ओ'पुढे 'ई' जोडून. स्कॅन केलेल्या प्रतींत यंत्र ते अक्षर हमखास चुकीचं वाचतं. तेव्हा फक्त 'कोट्टा' शब्दाने शोधणं सगळ्यात खात्रीचं.

आणखी एक गफलत. 'मिसेस रंडेल' शोधलंत तर स्वयंपाकाचं पुस्तक हाती येईल. त्या मरिया रंडेल, घरगुती पाककृतींच्या प्रसिद्ध लेखिका. त्या वारल्या ते साल १८२८, म्हणजे चार्ल्सबाईंच्या जन्माचंच.

माझ्याकडे जुनी प्रत आहे, पण वर्ष छापलेलं नाही. काळ कसा ठरवू?

अमेरिकन प्रत असेल तर प्रकाशकाचं नाव वाचा. 'एम. डब्ल्यू. डॉड' असेल तर १८७० पर्यंतची. 'डॉड अँड मीड' असेल तर १८७० ते १८७६ मधली. 'डॉड, मीड अँड कंपनी' असेल तर १८७६ नंतरची. लंडनच्या टी. नेल्सन अँड सन्स यांच्या प्रती अनेकदा बिनतारखेच्या असतात. तिथे पुठ्ठ्याच्या आतली बाजू पाहा. ही पुस्तकं संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळांच्या, बक्षिसांत फार वाटली गेली, आणि बक्षिसाच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव नि तारीख असते. प्रत त्या तारखेच्या आधीची, एवढं तरी नक्की. मागच्या जाहिरातींच्या पानांवर बाईंच्या कोणत्या पुस्तकांची नावं आहेत तेही टिपा. त्यांतलं सर्वांत उशिराचं पुस्तक ज्या वर्षीचं, त्याच्या आधीची ती छपाई असू शकत नाही.

किमतीचं म्हणाल तर ही दुर्मिळ पुस्तकं नाहीत. फक्त जुनी आहे म्हणून भारी किंमत मोजू नका.

ती इंटरनेटवर मोफत वाचता येते का?

हो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर. लेखिकेला जाऊन सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाल्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही, भाषांतर करायचं असेल तरीही नाही. सलग वाचायला गुटेनबर्गची प्रत बरी. उद्धृत करायला मात्र आर्काइव्हवरचं पानांचं छायाचित्र घ्या, कारण पान क्रमांक तिथेच मिळतो.

भारतीय भाषांत ती आली आहे का?

अनेक भारतीय भाषांत भाषांतरं झाल्याची नोंद जुने संदर्भग्रंथ करतात. मिशनच्या जुन्या ग्रंथालयात शोध घ्यायचा असेल तर लेखकाच्या नावावर विसंबू नका, कारण मूळ पुस्तकावरच नाव नव्हतं. 'लूथर', 'कोट्टा', 'घराणे', 'बखर', 'वृत्तांत' अशा शब्दांनी शीर्षकं चाळा आणि ट्रॅक्ट सोसायट्यांच्या, म्हणजे धर्मपुस्तिका छापणाऱ्या संस्थांच्या, छापील याद्या पाहा.

मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून: बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७चं, म्हणजे या कादंबरीच्या पाचच वर्षं आधीचं.

दुसरं कोणतं पुस्तक वाचावं? क्रम सांगा.

शोनबर्ग-कोट्टा आधी. ते आवडलं तर 'डायरी ऑफ मिसेस किटी ट्रेव्हिलियन', १८६४. व्हाइटफील्ड आणि वेस्ली बंधू या प्रवचनकारांच्या काळातली मेथडिस्ट ही इंग्लंडमधली धर्मजागृतीची चळवळ, पुन्हा रोजनिशीच्याच रूपात. आमच्या मते बाईंची पद्धत इथे जास्त सहज झाली आहे, कारण आता इंग्लंडमधलंच घर आहे आणि माणसं त्यांच्या ओळखीच्या मातीतली आहेत.

त्यानंतर 'द ड्रेटन्स अँड द डॅव्हनन्ट्स'. इंग्लंडच्या यादवी युद्धात एक घराणं संसदेच्या बाजूचं, दुसरं राजाच्या. याचा पुढचा भाग 'ऑन बोथ साइड्स ऑफ द सी'. दुसरा भाग आधी उघडू नका, नात्यांचा पत्ता लागत नाही. गुलामगिरीविरोधी चळवळीच्या काळासाठी 'अगेन्स्ट द स्ट्रीम', १८७३. उतारवयातलं 'अटिला अँड हिज कॉन्करर्स', १८९४, शेवटी वाचलं तरी चालेल.

वाचताना कंटाळा येतो. काय करावं?

बहुतेकांचं गाडं निवेदक बदलतो तिथे अडतं. प्रत्येक प्रकरणाच्या मथळ्यात कोण बोलतंय ते आधी वाचा आणि एका कागदावर घराची वंशावळ काढून ठेवा. दुसरं, ही कादंबरी नियतकालिकासाठी लिहिली गेली होती, एका बैठकीत संपवायला नाही. एका वेळी एका निवेदकाचं प्रकरण, एवढाच बेत ठेवा.

त्यांनी गीतंही लिहिली का?

हो. 'नेव्हर फर्दर दॅन दाय क्रॉस' आणि 'प्रेज ये द फादर' ही इंग्रजी उपासनेत रुळलेली त्यांची गीतं. १८५८ मध्ये त्यांनी 'द व्हॉइस ऑफ ख्रिश्चन लाइफ इन साँग' या पुस्तकात देशोदेशीच्या गीतकारांचा मागोवा घेतला. कादंबरीच्या आधी चार वर्षं केलेली ही तयारी लूथरची कथा लिहिताना कामी आली असणार, कारण भजनं गाणारं घर त्यांना किती बारकाईने ठाऊक होतं हे पानोपानी दिसतं.

सेवाकार्य नेमकं काय केलं?

१८८५ साली लंडनमध्ये 'फ्रीडेनहाइम', म्हणजे शांतिगृह, हे मरणासन्न रुग्णांसाठीचं घर सुरू झालं. त्यात त्यांचा मोठा वाटा. बरं होण्याची आशा उरली नाही की त्या काळची रुग्णालयं रुग्णाला ठेवून घ्यायला नाखूष असत, आणि गरिबाच्या एका खोलीच्या घरात शांतपणे मरणं अशक्य. त्या फटीत सापडलेल्यांसाठी हे घर होतं. हे जर्मन नाव शोनबर्ग-कोट्टा वाचलेल्याला अगदी जवळचं वाटतं.

त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांच्याच शब्दांत कुठे वाचायला मिळेल?

'अवर सेव्हन होम्स' या आठवणींच्या पुस्तकात. ते १८९६ साली, म्हणजे त्या वारल्या त्याच वर्षी निघालं. आयुष्याची मांडणी त्यांनी ग्रंथांच्या किंवा मानसन्मानांच्या क्रमाने केलेली नाही, राहिलेल्या घरांच्या क्रमाने केली आहे. या पुस्तकाच्या शीर्षकपानावर त्यांचं नाव आहे.